लेबलाची पाचवी ओळ

आमच्या धंद्यात माणसाच्या शब्दापेक्षा कागदाच्या चिठोऱ्याला जास्त किंमत. भुंगेरा टाचणीवर चढला की त्याच्याखाली दीड सेंटिमीटर लांबीचं एक लेबल जातं. त्यावर पाच ओळी: जागा, उंची, तारीख, कसा पकडला, कोणी पकडला. लेबल नसलेला भुंगेरा म्हणजे नुसता मेलेला किडा. तो कितीही दुर्मिळ असो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांना आमचा सगळा विभाग टाचणीकाका म्हणायचा.

मी काकांबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच दमात किड्यांबद्दल बोलायला लागले. माणूस मुद्दा टाळायला लागला की असंच करतो. असो, मुद्द्यावर येईनच.

काका कागदोपत्री प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे काचा धुणं, कपाटं पुसणं, साहेबांची पत्रं टपालात टाकणं. प्रत्यक्षात चौतीस वर्षं ते तिसऱ्या मजल्यावर, बोळकांडीच्या टोकाच्या खोलीत, एकाच खुर्चीत बसून भुंगेरे टाचत होते. मोठे भुंगेरे टाचणीने आरपार टोचता येतात, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याला टोचायला गेलं तर त्याचा भुगाच होतो. त्याला कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर डिंकाच्या थेंबाने चिकटवायचं आणि टाचणी त्या कागदातून घालायची. हे काम करताना काका जीभ दातांत धरायचे. त्यांच्याकडे तीन केसांचा एक कुंचला होता, स्वतः बनवलेला. चौथा केस असला की काम बिघडतं असं त्यांचं म्हणणं होतं. मी एकदा चार केसांचा वापरून बघितला आणि त्यांचं म्हणणं बिनबोभाट मान्य केलं.

खोलीत डांबरगोळ्यांचा वास इतका मुरलेला होता की काकांच्या बायकोने घरी त्यांच्या शर्टांसाठी वेगळी दोरी बांधली होती. काका ते अभिमानाने सांगायचे. पेट्यांमधल्या भुंगेऱ्यांना ते 'मंडळी' म्हणायचे. "आमच्या मंडळींना रजा नको, बढती नको, कुणाची चुगली नको. साहेबांनी माणसं सोडून यांनाच कामावर ठेवायला हवं होतं." शिकले होते जेमतेम दहावी, पण मोठमोठे पदवीधर त्यांच्या टेबलाशी येऊन गप उभे राहायचे. एकदा एका डॉक्टरेटवाल्याला ते अगदी अदबीने म्हणाले होते, "सर, पाय सहा असतात. आपण पाच लावलेत. सहावा आपल्या बाहीला आहे."

मी तिथे आले ती तात्पुरत्या नेमणुकीवर. दरवर्षी विभागप्रमुखांची सही झाली की पुढचं वर्ष. त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, काका तेवढे साहेब. मी तापट आहे असं माझ्या आईपासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे, आणि मी भांडलेही पुष्कळ: कॅन्टीनवाल्याशी, पंख्याच्या मेस्त्रीशी, सूक्ष्मदर्शकाचा दिवा पळवणाऱ्या शेजारच्या विभागाशी. पण जिथे खरोखर तापायला हवं होतं तिथे मी थंड गोळा होऊन बसले. त्याचीच ही गोष्ट.

माझा विषय पाणथळीतले भुंगेरे. तपकिरी, मऊ, दोन-चार मिलिमीटरचे. अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात, मोठे झाले की काठावरच्या गवतावर येतात आणि काही दिवसांत मरून जातात. सगळे दिसायला सारखे. एखादा वेगळा आहे की नाही हे कळायला नराचं पोट उघडून आतले भाग बघावे लागतात. असला विषय कोणी हौसेने घेत नाही. मी घेतला, कारण उरलेले सगळे वाटून झाले होते.

काकांनी मात्र तो मनावर घेतला. रविवारी ते आपल्या आपण हिंडायला लागले. पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे एक दलदल होती, बसगाड्यांच्या आगाराला लागून. तिथे म्हशीसुद्धा जात नसत. काका विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, घरची चहाची गाळणी घेऊन तिथे जायचे. एका सोमवारी त्यांनी मला झाकण लावलेला प्लास्टिकचा डबा दाखवला. आत गढूळ पाणी, कुजकी पानं आणि लांब मिशांच्या बारीक अळ्या.

"बाई, या घरी वाढवतो. बघू काय निघतं."

"काका, काकू घरात घेतील का हे?"

"काकूला सांगितलंय, सरकारी काम आहे. ती म्हणाली, सरकारी काम असेल तर सरकारकडून नवी गाळणी आणा."

सात आठवडे त्यांनी त्या अळ्या बाल्कनीत सांभाळल्या. त्याच दलदलीचं पाणी आणायचं, कुजकी पानं बदलायची, वर जाळी बांधायची, रोजची नोंद घरच्या कॅलेंडरवर करायची. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. मैत्रिणी आल्या की ती तो डबा कपडे वाळत घालायच्या स्टुलाखाली सरकवायची. शेवटी अकरा भुंगेरे निघाले. एकोणीस अळ्यांपैकी अकरा, म्हणजे फारच चांगलं. मला माझ्या उभ्या हयातीत ते जमलेलं नाही.

मी ते बघितले आणि म्हणाले, "नेहमीचेच आहेत, काका." पेटीत लावून टाका, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, नेहमीचे नाहीत. कुंचला अडकतोय."

"म्हणजे?"

"पाठीवरचं पाणी टिपताना कुंचला शेवटपर्यंत सरकत न्यायचा असतो. आपल्या मंडळींच्या पाठीवरून तो सुळकन जातो. यांच्यातल्या पाचांच्या पाठीवर टोकाला अडकतोय. पाचही नर असणार. सहांच्या पाठीवर अडकत नाही."

मी वैतागूनच सूक्ष्मदर्शकाखाली एक घेतला. पंखांच्या कवचाच्या अगदी टोकाशी एक खोल खळगा होता आणि त्यात ताठ केसांचा झुबका. असं मी कधी बघितलं नव्हतं. पुढचे चार महिने मी पुस्तकं धुंडाळली, दूरदूरच्या संग्रहालयांना पत्रं लिहिली. कोणाकडेच असला भुंगेरा नव्हता. नवी जात होती ती. आणि ती तीन केसांच्या कुंचल्याला आधी कळली, मला नंतर.

आता लेबलाकडे येते.

भुंगेरे कायमच्या संग्रहात घ्यायचे तर पकडायचा परवाना लागतो. आमच्या विभागाचा परवाना सरांच्या नावावर होता आणि त्यावर आम्हा तीन संशोधकांची नावं होती. परिचराचं नाव परवान्यावर घालायची पद्धत नव्हती. म्हणजे काकांनी रविवारी चहाच्या गाळणीने जे केलं ते नियमाने कोणी केलंच नव्हतं. सर गुडघ्यांमुळे पंधरा वर्षांत पाण्याजवळ फिरकले नव्हते, पण सर काही दुष्ट नव्हते. ते खोलीत आले, सूक्ष्मदर्शकातून बघितलं, काकांच्या पाठीवर थाप मारली.

"पकडणाऱ्याच्या ओळीत माझं नाव टाका," ते म्हणाले. "परवाना माझ्या नावावर आहे. नाहीतर उद्या छापायच्या वेळी कटकट होईल. काय?"

'काय' त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं. माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपत होती. माझं नावही परवान्यावर होतं. मी म्हणू शकले असते की सर, काकांचं नाव परवान्यावर चढवून घेऊ, अर्ज मी करते, दोन महिने लागतील, थांबू. एवढंच म्हणायचं होतं. मी मूग गिळून बसले. कॅन्टीनवाल्यावर चहा पाणचट आहे म्हणून आवाज चढवणारी मी.

"बरोबर आहे, साहेब," काकाच म्हणाले.

आणि त्यांनी लेबलं लिहायला घेतली. काकांचं अक्षर असं होतं की भिंगातून बघितलं तरी छापल्यासारखं वाटायचं. पहिल्या चार ओळी त्यांनी एका दमात लिहिल्या. पंपघरामागची दलदल. उंची. तारीख. अळीपासून वाढवला. पाचव्या ओळीत सरांचं नाव. अकरा वेळा. मी समोर बसून नमुन्यांची यादी करत होते. एकदाही त्यांचा हात थांबला नाही. थांबला असता तर मला बरं वाटलं असतं.

तीन वर्षांनी काका निवृत्त झाले. विभागाने एक घड्याळ दिलं, सरांनी छान भाषण केलं. सगळे गेल्यावर काका टेबल आवरत होते. कुंचला त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि मग जरा घुटमळले.

"बाई, एक विचारू का? त्या आपल्या किड्याचं छापून येईल ना, त्यात कुठेतरी माझं नाव येईल का? खाली, बारीक अक्षरात आलं तरी चालेल. पोरीला दाखवायला."

चौतीस वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

"येईल की, काका," मी म्हणाले. "येणार म्हणजे येणारच."

वर्णन लिहायला मला पुढची दोन वर्षं लागली. लोकांना वाटतं नवी जात सापडली की झालं. खरं काम तिथून सुरू होतं. मिशीच्या अकरा पेरांची लांबी एकेक करून मोजायची, पायांवरचे केस मोजायचे, नराच्या आतल्या भागांची चित्रं काढायची, जवळच्या चौदा जातींशी ताडून बघायचं. मग अकरातला एक नर निवडायचा. तो मूळ नमुना. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर तोच उघडून बघतात. त्या एका किड्याचं लेबल लेखात अक्षरशः जसंच्या तसं छापायचं असतं. ओळ संपली की तिरकी रेघ, पुढची ओळ. लेबलावर चूक असली तरी ती तशीच छापायची. आमचा हा पहिला नियम, आणि तोही मला काकांनीच शिकवला होता. मात्र लेबलात काही चुकलेलं ठाऊक असेल तर लेखकाने पुढे चौकोनी कंसात खरं काय ते लिहायचं. त्याला कोणाची हरकत नसते.

मी तो कंस टाकला होता. 'प्रत्यक्षात पकडला आणि वाढवला', आणि पुढे काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. चार दिवस तो माझ्या मसुद्यात होता. पाचव्या दिवशी मसुदा सरांकडे जायचा होता, कारण लेखात त्यांचंही नाव होतं. मी विचार केला: यावरून परवान्याचं निघेल, परवान्यावरून माझ्या नेमणुकीचं, आता तर कायम व्हायची वेळ आलीय. कंस मी स्वतः पुसला. सरांनी तो कधी बघितलाच नाही. तेव्हा सगळं खापर त्यांच्यावर फोडायची सोयही मला उरलेली नाही.

आभाराच्या परिच्छेदात मी 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असं लिहिलं. त्यात पंखेवाला मेस्त्रीही आला.

लेख छापून आला. महिनाभरात मी कायम झाले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे मला नंतर कळलं. माझा अर्ज लेखाच्या कितीतरी आधीच मंजूर होऊन पडला होता. मी ज्याला घाबरले ते घडणारच नव्हतं.

मग एके दिवशी काकांच्या मुलीचा फोन आला. ती आता एका दवाखान्यात परिचारिका आहे. काकू जाऊन वर्ष झालं होतं. "बाबांना कुणीतरी सांगितलं, त्यांच्या किड्याचं छापून आलंय. सारखं विचारतायत. त्यांचे डोळे गेलेत हो, मावशी. म्हणजे कडेकडेने माणूस दिसतो, मधोमध काळा डाग आहे. वाचता येत नाही. तुम्ही येऊन वाचून दाखवाल का?"

येते म्हणाले. पण लगेच नाही गेले. आधी माझी धावपळ सुरू झाली.

पहिलं सुचलं ते असं: काकांना बरोबर घेऊन पुन्हा त्या दलदलीत जायचं, नवे भुंगेरे आणायचे आणि या वेळी लेबलावर त्यांचं नाव घालायचं. परवान्यावर नाव चढवायचा अर्ज मी एका दुपारीत करून टाकला. दोन महिन्यांत नाही, तीन आठवड्यांत मंजूर झाला. मग दलदल बघायला गेले. पंपघर होतं. मागे आगार वाढवला होता, सिमेंटवर बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "पाणी? इथे कसलं पाणी?" त्या अकरा भुंगेऱ्यांशिवाय ती जात आता कुठे आहे, मला माहीत नाही. आहे की नाही, हेही माहीत नाही.

मग नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं की दुरुस्ती छापायची आहे. त्यांचं उत्तर सभ्य होतं. दोन्ही लेखकांची सही पाठवा आणि पकडणारा दुसरा होता याचा लेखी पुरावा पाठवा: वही, पत्र, लेबल, काहीही.

मी सरांच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन बागेत कुंड्या रंगवत होते. सगळं सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती, पण तसं काही झालं नाही.

"अगं, मला का त्याचा हेवा आहे? मी आत्ता सही करतो. पण पुरावा काय देणार आहेस?"

"त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर नोंदी होत्या. मुलगी म्हणते, घर बदलताना गेलं ते."

"मग राहिलं काय? लेबल. लेबलावर माझं नाव. आणि अक्षर कुणाचं?" त्यांनी ब्रश खाली ठेवला. "त्याचं अक्षर जगातला कोणीही ओळखेल. पाच हजार लेबलं आहेत त्याच्या हातची आपल्याकडे. तू म्हणणार, हे एक खोटं आहे. मग बाकीची खरी कशावरून? त्याचं सगळं आयुष्य त्या लेबलांत आहे, बाई. तेच तू नासवायला निघालीस."

ते खरं बोलत होते. काकांच्या बाजूने साक्ष देईल असा एकच कागद होता, आणि तो त्यांच्याच सुंदर अक्षरात त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होता. पुसलेला कंस तेव्हा ठेवला असता तर लेखकाचा शब्द म्हणून तो चालून गेला असता. छापायच्या आधी शब्द पुरतो, नंतर पुरावा लागतो.

शेवटी एका रविवारी सकाळी मी लेख घेऊन गेले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. काका खिडकीशी खुर्चीत, हात गुडघ्यांवर. शर्टाला डांबरगोळ्यांचा वास नव्हता. माझ्याकडे नीट बघायला त्यांनी मान बाजूला वळवली, म्हणजे कडेने दिसावं म्हणून.

"बारीक झालात, बाई."

"काका, मी जाड झालेय."

"मग डोळे खरंच गेले म्हणायचे."

मी खरं सांगायला गेले होते. जिन्यात वाक्यही जुळवलं होतं: काका, मी घाबरले, मी पुसलं, मला माफ करा. पण ते म्हणाले, "वाचा, पहिल्यापासून," आणि मी वाचायला लागले. मिशीची अकरा पेरं त्यांनी बोटांवर मोजली. खळगा आणि केसांचा झुबका आला तेव्हा हसले. "कुंचला अडकायचा तो हा." मग मूळ नमुना आला. लेबल आलं. पंपघरामागची दलदल. तिरकी रेघ. उंची. तारीख. अळीपासून वाढवला. त्यांनी मान थोडी पुढे केली. माझ्यासमोर सरांचं नाव होतं आणि मी काकांचं नाव वाचलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

काकांनी मान मागे घेतली.

"बाई, तुमची चूक झालीय," ते हळू म्हणाले. "लेबलावर साहेबांचं नाव आहे. मीच लिहिलंय. लेबलावर जे असेल तेच छापायचं. एवढी वर्षं काय सांगत आलो मी तुम्हाला?"

"काका..."

"कंस तरी टाकलाय का? चौकोनी?"

"टाकलाय," मी म्हणाले. "साहेबांचं नाव आहे, आणि पुढे कंसात तुमचं."

"मग हरकत नाही. कंसात असलं की हरकत नाही." त्यांचे हात गुडघ्यांवर हलले. "परत एकदा वाचा. तेवढीच ओळ."

मी परत वाचली, कंसासकट. या वेळी सोपं गेलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

त्यांची मुलगी पाणी घेऊन आली होती. काकांनी तिला हाताने बोलावलं. "तू बघ गं, छापलेलं कसं दिसतंय ते."

ती माझ्या खुर्चीमागे येऊन वाकली. पान माझ्या मांडीवर उघडं होतं आणि माझं बोट त्या ओळीवर होतं. ते मला उचलता आलं नाही. तिने ओळ वाचली. मग त्याच्या वरची वाचली, खालची वाचली.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमचं नाव आहे. छान आलंय."

तिने पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि ती आत निघून गेली. मी निघाले तेव्हा दार काकांनीच चाचपडत उघडलं.